परसातले उभे निवडुंग

संध्याकाळच्या भाकरी चालू असतील तर चालू द्या. कान तेवढा इकडे ठेवा.

सहयोगिनी म्हणून गावोगाव गटाच्या बैठकीला जाते. बचत जमा होते, कर्जाचे हप्ते होतात, ठराव लिहून सह्या होतात आणि मग चहा आला की कोणीतरी विचारतंच, "ताई, तुमच्या दारात ते खांबासारखं काटेरी काय लावलंय?" मागच्या महिन्यात तीन गावांत हा प्रश्न आला. एका आजींनी तर तोंडावर सांगितलं, "काटेरी झाड दारात ठेवलं की घरात भांडणं होतात गं." मी म्हणलं, आजी, भांडणं आमच्या घरात निवडुंग यायच्या आधीपासून होती. तर आज त्याच निवडुंगांबद्दल बोलते. त्यात एक चुकीची गोष्टही सांगायची आहे. ती माझीच आहे.

२०१९ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. आपल्या माणदेशात टँकर आणि चारा छावण्या चालू होत्या. माझ्या परसात तेव्हा मोगरा होता, दोन गुलाब होते, जास्वंद होती. भांडी धुतलेलं पाणी घालून एप्रिलपर्यंत ती जगवली. मे महिन्यात भांडी धुवायचंही पाणी मोजून वापरावं लागलं आणि एकेक झाड वाळलं. वाळलेला मोगरा उपटताना मला रडू आलं होतं. हसू नका, दागिना मोडल्यावर येतं तसंच आलं. तेव्हाच ठरवलं, की परत बाग नको.

त्या दिवाळीला माझ्या मैत्रिणीनं, ती शाळेत शिक्षिका आहे, तिच्या दारातल्या निवडुंगाचा हातभर तुकडा दिला. हिरवा, खांबासारखा, सहा-सात कंगोरे असलेला. त्याला सेरियस म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आता आपल्याकडे जुन्या शाळांत, बंगल्यांच्या कुंपणाला, रोपवाटिकेत सगळीकडे दिसतो. मी लगेच तो काळ्या मातीत लावला आणि मोगऱ्याला घालायचे तसं रोज तांब्याभर पाणी घालू लागले. वीस दिवसांत बुडाशी तपकिरी डाग पडला. हात लावला तर आतून मऊ, आणि घाण वास. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तहानेनं नाही मेला तो, तू बुडवलास."

तिनंच फोनवर उपाय सांगितला. सुरी उकळत्या पाण्यानं पुसून घ्यायची आणि कुजक्या भागाच्या वर चार बोटं आडवा काप द्यायचा. कापाच्या मधोमध एक गोल रेषा दिसते, ती आणि आजूबाजूचा गर स्वच्छ पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका एक जरी दिसला तरी आणखी वर कापायचं. मला तीनदा कापावं लागलं. हातभर तुकड्याचा शेवटी वीतभर राहिला. तो पडवीत सावलीला पंधरा दिवस नुसता ठेवला. माती नाही, पाणी नाही. कापलेली बाजू वाळून चामड्यासारखी झाली. मग मुरमात उभा केला, तेही कोरड्या. महिन्याभरानं हळूच हलवून पाहिला तर हलेना. मुळं धरली होती. तोच तुकडा आज पत्र्याच्या वर गेलाय.

हा निवडुंग पाण्याशिवाय कसा जगतो, ते समजलं की निम्मी काळजी मिटते. बाकीची झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात, आणि त्याच छिद्रांतून पाणी उडून जातं. निवडुंग दिवसा छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री, गारवा झाला की उघडतो. पानंच ठेवली नाहीत, त्यांचे काटे झाले. खोडावर मेणासारखा थर असतो. आणि ते कंगोरे नुसते शोभेचे नसतात. भजनातल्या पेटीचा भाता कसा उघडतो-मिटतो, तसं पाणी मिळालं की खोड फुगतं, उन्हाळ्यात आत मिटतं. उन्हाळ्यात कंगोरे खोल गेलेले दिसले म्हणून घाबरून रोज पाणी घालू नका. तो साठवणीतलं खातोय.

म्हणून माती अशी पाहिजे की पाणी आलं की निघून गेलं. मी एक घमेलं चाळलेला मुरूम, एक घमेलं जाड वाळू किंवा क्रशरची कच, आणि अर्धं घमेलं शेतातली तांबडी माती व पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिळून घेते. मुरूम चाळताना खालची धूळ टाकून द्यायची, नाहीतर तीच घट्ट बसते. काळी माती अजिबात नको. ताजं शेण तर नकोच. कुंडी मातीची असली तर उत्तम. माझ्याकडे बहुतेक रंगाच्या रिकाम्या बादल्या आहेत, बुडाला पाच-सहा भोकं पाडलेल्या. उंच झाड वाऱ्यानं आडवं होतं, म्हणून बुडाशी दोन दगड ठेवते. पाणी उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती आतपर्यंत कोरडी झाली असेल तरच. थंडीत महिन्यातून एकदा, कधी तेही नाही. पावसाळ्यात मी घालतच नाही, उलट कुंड्या पडवीत ओढते. जमिनीत लावलेल्यांना आमच्याकडचा पाऊस सोसतो, कारण त्यांच्याखाली मुरमाचा उंचवटा केलाय. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरकडच्या कोणी ऐकत असतील तर त्यांनी मात्र डोक्यावर पत्रा असल्याशिवाय हा नाद करू नये.

एकातून दुसरा, असं करत माझ्याकडे आता अकरा जाती झाल्यात. एक निळसर रंगाचा आहे, ब्राझीलकडचा, त्याच्या निळ्या अंगावर पिवळे काटे सोन्याच्या तारांसारखे दिसतात. एक मेक्सिकोतला आहे, त्याला अंगभर पांढरे लांब केस असतात. इंग्रजीत त्याला ओल्ड मॅन म्हणतात, आमच्या सासूबाई त्याला बुवा म्हणतात. "बुवांवर धूळ बसली गं," म्हणत जुन्या दात घासायच्या ब्रशानं त्याचे केस विंचरतात. सुरुवातीला काटेरी झाडांना नावं ठेवणाऱ्याही त्याच होत्या, हे सांगायला पाहिजे.

आता ती चुकीची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या ताईंनी माझी झाडं पाहिली आणि त्यांच्या मनात आलं की याचा धंदा करावा. शहरात निवडुंगाला चांगला भाव आहे, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. त्यांनी गटाकडं पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. दोन बायका नको म्हणाल्या. शेळीला द्या, शिलाई मशीनला द्या, काट्याला कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मध्ये बोलले. माझी झाडं छान आली होती ना, त्याचा मला तोरा होता. मी म्हणलं, "कमी पाण्याचा धंदा आहे, द्यायला हरकत नाही." सहयोगिनीच असं म्हणाली म्हणून बाकीच्यांनी सह्या केल्या.

ताईंनी बाहेरून साठ रोपं मागवली. वाहतुकीसकट साडेतेरा हजार गेले. रोपं आली एप्रिलमध्ये. ती सावलीच्या जाळीखाली वाढलेली, कोवळी, नारळाच्या भुशात लावलेली. आम्ही दोघींनी मिळून ती पत्र्याच्या छपरावर, भर उन्हात मांडली. निवडुंगाला ऊन लागतं, एवढंच आम्हाला माहीत. आठ दिवसांत दक्षिणेकडची बाजू पांढरी, मग करपून तपकिरी झाली. वाळवंटातलं झाड असलं तरी सावलीत वाढलेल्याला उन्हाची सवय हळूहळू लावावी लागते. आता मी नवीन रोपावर पंधरा-वीस दिवस जुन्या साडीचा आडोसा करते, रोज थोडा थोडा बाजूला घेते. आणि आधीच्या जागी त्याची दक्षिणेकडची बाजू कोणती होती ते विचारून खडूनं खूण करते, नवीन जागीही तीच बाजू दक्षिणेला ठेवते. हे शहाणपण तेव्हा नव्हतं.

जी उन्हातून वाचली ती पावसात गेली. नारळाचा भुसा वरून कोरडा दिसतो, आत पाणी धरून बसतो. आल्या आल्या तो झाडून आपल्या मुरमात लावायला हवी होती. त्यात पंधरा-वीस रोपं लाल-पिवळ्या डोक्याची होती, ती तुम्ही रोपवाटिकेत पाहिली असतील. ते दोन निवडुंगांचं कलम असतं. वरच्या रंगीत गोळ्यात हिरवा रंगच नसतो, म्हणून तो स्वतःचं अन्न करू शकत नाही, खालच्या हिरव्या तीनधारी बुडख्यावर जगतो. तो बुडखा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा. अशी कलमं दोन-चार वर्षांचीच पाहुणी. ती घेऊन साठा वाढत नाही, कारण त्यांचा तुकडा लावून जगत नाही.

कुजलेली वाचवायला आम्ही एका दुपारी कापायला बसलो. त्यात काही रोपांच्या कापातून पांढरा चीक गळायला लागला. माझ्या लक्षातच आलं नाही. घाम आला म्हणून मनगटानं डोळा पुसला. बायांनो, डोळ्यात मिरची गेली तर बरी. रात्रभर डोळा उघडेना. सकाळी तालुक्याला डॉक्टरांकडे गेले, त्यांनी डोळा धुतला, औषध दिलं आणि म्हणाले, लगेच भरपूर पाण्यानं धुवायला हवा होता. दोन दिवस एका डोळ्यानं काम केलं. नजर वाचली, हे नशीब.

ते निवडुंग खरे कॅक्टस नव्हतेच. आपल्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग असतो, तसे हे वेगळ्या कुळातले, एरंडाच्या कुळातले. दिसायला उभे, काटेरी, कंगोऱ्यांचे, पण अंगात चीक. दुकानात दोन्हींना कॅक्टसच म्हणतात. ओळखायचं कसं? चीक काढून बघू नका. काट्याच्या बुडाशी नीट बघा. खऱ्या कॅक्टसचा प्रत्येक काटा एका छोट्या लोकरीसारख्या ठिपक्यातून निघतो, आणि एका ठिपक्यातून बरेच काटे येतात. चीक असलेल्यांना तो ठिपका नसतो, काटे कंगोऱ्यावरून सरळ निघतात, बहुतेक वेळा जोडीजोडीनं. लहान मुलं घरात असतील तर चिकाची झाडं दारात नकोतच. कापायची वेळ आली तर हातमोजे घाला, आणि बाजूला पाण्याची बादली आधी भरून ठेवा.

त्या साठातली दिवाळीपर्यंत नऊ राहिली. ताईंनी कर्ज फेडलं, व्याजासकट. त्यासाठी बोकड विकलं, ते मुलीच्या शाळेच्या खर्चासाठी राखलेलं होतं. त्यांनी मला एका शब्दानं बोललं नाही. मला मात्र आजही त्या गटाच्या वहीत माझी सही दिसली की कसंतरी होतं. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं की सल्ला चुकीचा होता. ज्या दोघी नको म्हणाल्या होत्या त्यांचं बरोबर होतं. आणि असा ठराव झाला, की ज्या कामाचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा घरी करून पाहिला नाही, त्याला गटातून कर्ज नाही. इतर गटांनी असा ठराव करावा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

ताईंनी नाद सोडला नाही बरं का. त्या नऊतले सहा सेरियस होते. दोन वर्षांत त्यांना फांद्या फुटल्या. त्या फांद्या त्यांनी रुजवल्या आणि आता आठवडी बाजारात भाजीबरोबर चार-पाच कुंड्या मांडतात. कधी दोन विकल्या जातात, कधी एकही नाही. धंदा म्हणण्यासारखं नाही ते. पण घरातून एक पैसा गेलेला नाही.

विकत घ्यायची वेळ आली तर एक विचारा, रोप बियांपासून किंवा तुकड्यापासून इथेच केलंय ना. याला कारण आहे. निवडुंगाचं कुळ जवळजवळ सगळं अमेरिका खंडातलं, आणि तिथं रानातून झाडं चोरून विकणारे आहेत. २०१५ साली जगभरातल्या निवडुंगांचा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात आहेत असं दिसलं. आमच्या बुवांची जातही मेक्सिकोच्या रानात धोक्यात आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सग्वारो नावाचा मोठा उभा निवडुंग आहे. सिनेमातल्या वाळवंटात दोन हात वर केलेला दिसतो तोच. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात चोरी होऊ नये म्हणून काही झाडांत इलेक्ट्रॉनिक चिप बसवल्यात, जशी आपण जनावराच्या कानात बिल्ला मारतो. चोरी का होते? तर सग्वारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, आणि बाजूचे हात फुटायला साधारण पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. एवढं थांबायची कोणाची तयारी नसते.

त्याच वाळवंटात टोहोनो ओओधाम नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या बायका उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या तोंडावर, सग्वारोची फळं काढतात. आपण शेळ्यांना बाभळीच्या शेंगा पाडायला आकडी वापरतो, तशीच त्यांची लांब काठी असते आणि ती मेलेल्या सग्वारोच्या आतल्या लाकडी पट्ट्यांचीच करतात. फळांचा पाक काढतात. पावसाला बोलावण्याच्या त्यांच्या सणात त्या पाकाचं पेय असतं. हे मी वाचलं तेव्हा आपल्याच गावचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

फळावरून आठवलं. माझ्या सेरियसला तिसऱ्या वर्षी फुलं आली. अंधार पडल्यावर उमलतात, वीतभर लांब, पांढरी, आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मिटतात. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो आणि रात्री उमललं की शेजारणींना बोलावतो, ते फूलही निवडुंगाच्या कुळातलंच आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, ते वेगळं. तर फुलं आली, पण दोन वर्षं फळ काही धरेना. मग कळलं, याला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा लागतो. आणि माझी गल्लीतली सगळी झाडं माझ्याच झाडाच्या तुकड्यांची, म्हणजे एकच झाड. मैत्रिणीचंही तेच.

शेजारच्या गावात एका जुन्या वाड्यामागे वेगळा सेरियस होता. मी तिथल्या काकूंना फोन नंबर देऊन ठेवला. आषाढात एका रात्री नऊ वाजता त्यांचा फोन आला, "आमचं उमललंय गं, तुझं?" माझंही उमललं होतं, बहुतेक हवा बदलली की सगळीच एकदम उमलतात. आमचे हे जेवत होते, तसेच उठवले. गाडीवरून गेलो, काकूंनी एक फूल स्टीलच्या डब्यात घालून दिलं. घरी येऊन मुलाच्या चित्रकलेच्या ब्रशानं पराग माझ्या फुलांना लावला. सासूबाई बॅटरी धरून उभ्या. सहा फुलांतली चार धरली. दीड-दोन महिन्यांनी लालबुंद फळं, लहान डाळिंबाएवढी, वर काटा नाही. पिकली की आपोआप उकलतात. आत पांढरा गर आणि काळ्या बारीक बिया, चव सौम्य गोड. दोन काकूंकडे पोचवली. पण एक सांगते, ओळख पटल्याशिवाय कुठल्याही निवडुंगाचं फळ तोंडात घालू नका, मुलांनाही देऊ नका.

कापसासारखी पांढरी कीड दिसली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं संध्याकाळी पुसून काढा, एवढं राहिलं होतं सांगायचं.

आता थंडी सरत आलीय, तुकडे रुजवायला हे दिवस चांगले. माझ्या पडवीत सेरियसचे सात तुकडे वाळत ठेवलेत, सोमवारपर्यंत तयार होतील. पैसे नकोत. दोन वर्षांनी त्याचा एक तुकडा दुसऱ्या बाईला द्यायचा, एवढीच अट. पुढच्या बैठकीला येताना जुनी वर्तमानपत्रं जाड घडी करून आणा, तीच गुंडाळून धरता येतो. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, घाम सुटून कुजतो. वरची बाजू कोणती त्याला मी दोरा बांधून ठेवलाय, तो लावेपर्यंत सोडू नका. आणि ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे, त्यांचा तुकडा मी पुढच्या वर्षीसाठी नाव लिहून राखून ठेवते. नमस्कार.